गुहागर ते विजापूर: एक नंबर, एक रस्ता, पण सलग कुणाचाच नाही

फुफाटा (धागाकर्ता)

चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावर उभं राहून विचारा, हा रस्ता कुठं जातो? उत्तर येतं, "कराडला." ओगलेवाडीत विचारा, "विट्याला." विट्यात विचारलं की "भिवघाट, नागज." आणि जतमध्ये विचारलं तर पुढचा माणूस तुमच्याकडं जरा बघून म्हणतो, "विजापूरला, आणखी कुठं?" गुहागरच्या किनाऱ्यापासून विजापूरपर्यंत एकाच क्रमांकाचा हा रस्ता आहे. पण त्याच्याकडं सलग एक रस्ता म्हणून पाहणारा माणूस मला अजून भेटायचाय. म्हणून हा धागा.

आमच्या लहानपणी हा राज्यमार्ग 78 होता. मैलाच्या दगडांची डोकी हिरवी असायची. आता तो राष्ट्रीय महामार्ग 166 ई झाला आणि डोकी पिवळी झाली. खड्ड्यांनी मात्र बढती घेतलेली दिसत नाही.

मार्ग असा: गुहागर, शृंगारतळी, मार्गताम्हाणे, चिपळूण. नाक्यावर मुंबई-गोवा हायवे ओलांडला की खेर्डी, पिंपळी, शिरगाव, पोफळी. मग कुंभार्ली घाट चढून घाटमाथा, हेळवाक, कोयनानगर, पाटण, मल्हारपेठ, कराड. तिथं पुणे-बंगळूर हायवे ओलांडायचा. पुढं ओगलेवाडी, सुर्ली घाट, कडेगाव, विटा, भिवघाट. नागज फाट्यावर मिरज-पंढरपूर रस्ता आडवा येतो. मग जत, आणि सीमा ओलांडून विजापूर.

आता इतिहास. वाशिष्ठीच्या मुखावरचं दाभोळ हे बहमनी आणि नंतर आदिलशाहीच्या काळात पश्चिम किनाऱ्यावरचं बडं बंदर होतं. 15व्या शतकात आलेला रशियन व्यापारी निकितिन परत जाताना इथूनच गलबतात बसला. 1508 च्या डिसेंबरात पोर्तुगीजांच्या अल्मेदानं हे गाव जाळलं, यावरूनच त्याचं वजन कळावं. इथं उतरलेला माल, अरबी घोडे धरून, घाटावर जायचा. राजधानी विजापूर. म्हणजे नकाशावर आजच्या रस्त्याची दोन टोकं पाहिलीत तर एका सल्तनतीचं बंदर आणि तिचं तख्त अशी जोडी दिसते.

कराड तर त्याहून जुनं. गावाजवळ आगाशिवच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत, आणि तिकडं मध्य भारतात भारहुतच्या स्तूपावर 'करहाकड'च्या दात्यांची नावं कोरलेली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी कराडचा माणूस इतक्या लांब दान देतो, म्हणजे गावात पैसा खेळत होता, आणि पैसा खेळतो तो वाटांवरून.

इंग्रजांनी कुंभार्लीतून गाडीरस्ता केल्यावर चिपळूणला बरकत आली. त्या काळच्या गॅझेटियरात कुंभार्ली हा देशावरून समुद्राकडं उतरायच्या सर्वांत सोप्या वाटांपैकी एक म्हणून नोंदलाय. देशावरचा कापूस बैलगाड्यांतून चिपळूणला उतरे आणि तिथून बोटीनं मुंबईला जाई. मग पुणे-मिरज रेल्वे कराडवरून गेली आणि या उताराच्या व्यापाराचा कणाच मोडला. रस्ता पुन्हा जागा झाला तो कोयनेमुळं, पण त्यावर इथल्या जाणकारांनीच लिहावं.

कुणी हा रस्ता टोक ते टोक केलाय का? तुकड्यातुकड्यानं केला असेल तरी लिहा.

---

खाडीकाठ

छान धागा. पण पहिल्याच तुकड्यावर माझी हरकत आहे.

दाभोळ खाडीच्या उत्तर तीरावर, गुहागर दक्षिणेला. आजही मधे धोपाव्याची फेरीबोट घ्यावी लागते. दाभोळचा माल गुहागरला जाऊन गाडीत चढत नव्हता, तो वाशिष्ठीतून भरतीबरोबर होड्यांनी थेट चिपळूणच्या गोवळकोटला यायचा. गोवळकोटचा किल्ला तिथं उगाच नाही बांधलेला, खालचा धक्का राखायला आहे. म्हणजे जुना मार्ग 'दाभोळ-खाडी-गोवळकोट-कुंभार्ली' असा. चिपळूण-गुहागर हा तुकडा त्या इतिहासात बसत नाही. तो मागाहून, रस्ता समुद्राला टेकवायचा म्हणून जोडलेला.

पुढं खाडी गाळानं भरत गेली. आमच्या आजोबांच्या काळात मुंबईची बोट दाभोळला थांबायची आणि तिथून लहान लाँचनं चिपळूणच्या दिशेनं यायचं. गोवळकोटचा धक्का हळूहळू फक्त वाळूचा आणि गप्पांचा उरला.

गुहागरच्या तुकड्याला खरी वर्दळ आणली ती 1990 च्या दशकात अंजनवेलच्या एन्रॉनच्या वीजप्रकल्पानं. तालुक्यात कधी न पाहिलेली अवजड वाहनं आली, शृंगारतळीत लॉज निघाले, जमिनीचे भाव चढले. 2001 मध्ये प्रकल्प बंद पडला आणि अर्धी बाजारपेठ उधारीच्या वह्या चाळत बसली. पुढं तो रत्नागिरी गॅस म्हणून पुन्हा सुरू झाला, पण पहिल्यासारखी गंमत नाही.

---

फुफाटा

@खाडीकाठ, हरकत एकदम रास्त. होडीचा टप्पा धरला तरी दोन टोकं तीच राहतात, म्हणून धाग्याचं नाव बदलत नाही. :)

---

सह्यभटका

कुंभार्ली म्हटलं की सगळे धबधबे आणि फोटो टाकतात, म्हणून उलट्या बाजूचं सांगतो. नवजाहून जंगली जयगडावर जा (वनखात्याची परवानगी लागते, कोयना अभयारण्य आहे). टोकावरून खाली कोळकेवाडी धरण दिसतं. घाटावर नजर ठेवायला यापेक्षा चांगली जागा नाही, आणि या किल्ल्याचं कामच ते होतं. पुढं मोरगिरीजवळ गुणवंतगड, पाटणवर दातेगड. दातेगडावरची तलवारीच्या आकाराची खोदीव विहीर पाहायलाच हवी, वरून काठाशी उभं राहिलं की आकार कळतो. वाट एक आणि तिच्यावर इतके पहारेकरी, यावरून जकात किती जमत असेल त्याचा अंदाज करा.

---

अलोऱ्याची लेक

माझं बालपण अलोऱ्याच्या, म्हणजे कोयना प्रकल्पाच्या, कॉलनीत गेलं, तेव्हा हा धागा माझाच म्हणायचा.

घाटातून जाणाऱ्या बहुतेकांना कळतच नाही की आपण वीजघराच्या डोक्यावरून चाललोय. पोफळीचं वीजघर डोंगराच्या पोटात आहे. कोयना मुळात पूर्ववाहिनी, कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळणारी. तिला हेळवाकजवळ अडवली, शिवसागर जलाशय भरला आणि बोगद्यांतून पाणी उलट पश्चिमेला, कोकणच्या बाजूला पाडलं. पहिल्या दोन टप्प्यांचं पाणी पोफळीतून कोळकेवाडी धरणात, तिथून तिसऱ्या टप्प्याला, मग अवजल (वीज करून बाहेर पडलेलं पाणी) कालव्यानं वाशिष्ठीला. चौथ्या टप्प्यासाठी 1999 मध्ये लेक टॅपिंग झालं, म्हणजे भरलेल्या जलाशयाच्या तळाला खालून बोगद्यानं भोक पाडलं. 2012 मध्ये पुन्हा एकदा. सगळे टप्पे मिळून क्षमता 1960 मेगावॉट.

त्यामुळं चिपळूणची वाशिष्ठी मे महिन्यातही वाहती. इतर कोकणी नद्यांचे एप्रिलमध्ये दगड दिसतात, आमची नदी वीजघर चालू की बंद त्यावर वरखाली होते. कॉलनीतल्या बायका कपडे धुवायला जाताना विचारायच्या, "मशिनं चालू आहेत का?"

हा रस्ता म्हणजे आमच्यासाठी कराडहून येणारी भाजी. सकाळी ट्रक घाट उतरून आला नाही की बाजारात नुसते कांदे-बटाटे. आणि वर जायची जांभ्याच्या चिऱ्यांची रांग. कराड-पाटणकडच्या कितीतरी बंगल्यांचे दगड कोकणातले आहेत.

---

हेळवाक 67

ताई, तुमच्या कॉलनीच्या आधीचं सांगतो.

11 डिसेंबर 1967. पहाटे सव्वाचारच्या पुढं. मी पाळण्यातला, त्यामुळं हे आईच्या तोंडचं. आधी आवाज आला, मग जमीन. घर मातीचं, वरचा माळा खाली आला आणि धान्याच्या कणगीवर अडकला, त्या पोकळीत आम्ही वाचलो. कोयनानगर बहुतेक सगळं झोपलं. खोऱ्यात जवळपास 180 माणसं गेली. पुढचे किती आठवडे लोक थंडीत बाहेर, खळ्यात झोपत. वडील सांगायचे की मदतीचे ट्रक कराडकडून आले, पाटणच्या पुढं रस्त्याला भेगा होत्या तिथं माणसं उतरून गाड्या ढकलत होती.

धरणाला तडे गेले, ते बुजवून बळकट केलं, धरण उभं राहिलं. गावांचं काय झालं ते कमी बोललं जातं. वरच्या खोऱ्यातली, बामणोली-तापोळ्याकडची गावं तर आधीच शिवसागराखाली गेलेली. त्यांतली माणसं सांगली-सोलापूरकडं पाठवली, तिकडच्या कोरड्या रानात. कोयनेच्या काठची माणसं ती. धागाकर्त्यांनी म्हटलंय तसं या रस्त्याची दोन टोकं पाहिली तर त्यांतली काही कुटुंबं एका टोकाकडून उचलून दुसऱ्या टोकाकडं नेऊन ठेवलीत.

---

वळणावळणानं

+1. वाचून अंगावर काटा आला.

---

निवृत्त साबांखा

आयुष्य सार्वजनिक बांधकाम खात्यात गेलं, काही काळ या रस्त्यावरही. दोन गोष्टी लिहितो.

पहिली, क्रमांकाची. 1943 च्या नागपूर योजनेत रस्त्यांची उतरंड ठरली: राष्ट्रीय, राज्य, जिल्हा, ग्रामीण. पुढं महाराष्ट्रानं वीस-वीस वर्षांच्या रस्ते विकास योजना केल्या (1961-81, 1981-2001, 2001-21), त्यांत राज्यमार्गांचे क्रमांक आणि लांब्या बदलत गेल्या. गुहागर-विजापूर हा एक रस्ता कागदावर असतो, प्रत्यक्षात तो दर काही किलोमीटरला वेगळ्या उपविभागाचा असतो. चिपळूणचा उपअभियंता घाटमाथ्यापर्यंत बघणार, पाटणचा तिथून पुढं. घाटमाथ्यावर सीमेची पाटी आहे तिथं डांबराचा रंग बदलतो ना, त्याचं कारण हे. 'सलग कुणाचाच नाही' हे तुमचं शीर्षक कार्यालयीन भाषेतही खरं आहे.

दुसरी, घाट का फुटतो. लोक म्हणतात डांबर कमी टाकलं. असेलही, पण घाटातला रस्ता पाणी फोडतं, चाक नाही. डोंगराच्या अंगाला नाली असते, तिथं वरून येणारं पाणी धरून मोरीतून पलीकडं दरीत सोडायचं. पहिल्या पावसात दरडीची माती नालीत बसते, नाली तुंबते, पाणी रस्त्यावर चढतं आणि आडवं वाहत दरीकडच्या साइडपट्टीला पोखरतं. आधी पट्टी जाते, मग कठडा लोंबकळतो, मग रस्त्याचा काठ. शिवाय सह्याद्री म्हणजे बेसॉल्टचे थर, दोन थरांच्या मधे कुजलेला मऊ मुरूम. पाणी त्या सांध्यात शिरलं की वरचा अखंड दिसणारा खडक सुटतो.

पूर्वी प्रत्येक टापूला मैलकुली असायचा. त्याचं एकच काम, फावडं घेऊन फिरायचं. पाऊस लागला की इरलं डोक्यावर आणि नालीत उतरलेला. सोनपात्राच्या वळणावर एकाला मी रात्री कंदील घेऊन मोरीचं तोंड मोकळं करताना पाहिलंय. साहेबानं सांगितलं म्हणून नाही, सकाळी बोलणी खायला नकोत म्हणून. ही पदं भरणं बंद झालं. आता दरड पडल्यावर जेसीबी येतो, पडू नये म्हणून कुणी येत नाही. माझ्या मते या घाटाची निम्मी दुखणी त्या फावड्यात होती.

---

पाटणकर नव्हे पाटणचा

काका, मैलकुलीचं अगदी खरं. पण आमचा संगमनगर धक्का ते घाटमाथा हा तुकडा पाणी-बिणी काही न लागता नुसताच रखडला होता. खालनं कराडपासनं काँक्रीट येत आलं आणि धक्क्यापाशी दम टाकला. बाळंतिणीला कराडला न्यायचं तर कोयनानगरचा माणूस देवाचं नाव घेऊनच निघायचा. ठेकेदार कोण, कुठला, ते सोडा.

आणि 2021 चा जुलै विसरू नका. 22 तारखेला खाली चिपळूण बुडालं आणि त्याच रात्री वर आमच्याकडं मिरगाव, आंबेघर, ढोकावळे इथं डोंगर घरांवर आला. टीव्हीवर दोन बातम्या वेगळ्या चालल्या. पाऊस एकच होता, रस्ता एकच होता.

---

मूस

विटेकर, सध्या मुक्काम तमिळनाडू. गलाईवाले आम्ही, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करणारे. खानापूर, आटपाडी, विटा भागातली माणसं या धंद्यात अख्ख्या भारतात पांगलीत, अगदी लहान गावच्या सराफ पेठेतही 'महाराष्ट्र रिफायनरी' अशी पाटी दिसेल. कारण साधं: रानात पाणी नाही.

आमच्यासाठी या रस्त्याचा अर्थ कराडचं रेल्वे स्टेशन. आजोबा सुर्ली घाट उतरून ओगलेवाडीला यायचे, स्टेशन तिथंच. ओगले काच कारखान्याचे प्रभाकर कंदील सगळ्या महाराष्ट्रात होते. औंधच्या पंतप्रतिनिधींनी कारखान्याला जागा दिली होती. आज नाव गावाला उरलंय.

कडेगावला मोहरमात यायला जमलं तर या. शंभर-दीडशे फुटी ताबूत, बांधणारे आणि उचलणारे हिंदू-मुसलमान दोन्ही. ताबूत निघतात तेव्हा गावातून वाहन नेता येत नाही, आणि कुणी हॉर्नही वाजवत नाही.

---

कोरडवाहू जत

सगळ्यांचं वाचलं. आता आमचंबी ऐका.

अलोऱ्याच्या ताई म्हणाल्या वाशिष्ठी मे महिन्यात वाहती असती. वाहणारच की! कृष्णा खोऱ्याचं पाणी हाय ते. कृष्णेच्या पाणीवाटपाच्या बच्छावत लवादानं वर्षाला 67.5 टीएमसी (अब्ज घनफूट) कोयनेचं पाणी पश्चिमेला सोडायला परवानगी दिली. वीज झाली की ते समुद्रात. आन् त्याच रस्त्याच्या ह्या टोकाला आमी टँकरची वाट बघतोय. नवजाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आमच्या जतला पाचशेच्या आसपास. 2022 च्या नोव्हेंबरात आमच्या गावांवरनं दोन राज्यांत जुंपली तेव्हा मुंबईच्या लोकांनी जत नकाशात शोधलं. कर्नाटकात जायचं म्हणत्यात म्हणून शिव्या घातल्या. अहो, आमच्यातल्या निम्म्यांच्या घरात कानडी बोलत्यात, गुड्डापूरच्या दानम्माला तिकडनं चालत माणसं येत्यात, सोयरीक विजापूरकडं. पण भांडण भाषेचं नव्हतंच, पाण्याचं हुतं.

---

अलोऱ्याची लेक

दादा, तुमचं दुखणं समजतं. पण त्या 1960 मेगावॉटवर संध्याकाळच्या वेळेला सगळं राज्य टेकलेलं असतं, कोयनेची मशिनं काही मिनिटांत चालू-बंद करता येतात, औष्णिकची येत नाहीत. आणि अवजलावर आमच्याकडच्या पाणी योजना, एमआयडीसी अवलंबून आहेत. 'समुद्रात जातं' इतकं ते सोपं नाही.

---

कोरडवाहू जत

ताई, वीज आमच्यातबी येती, रातच्या बारा वाजता, मोटर चालू करायला. हिरीत पाणी नसतंय. :)

---

निवृत्त साबांखा

दोघांचंही बरोबर आहे, फक्त एक भर. कोयनेचं सगळं पाणी पश्चिमेला जात नाही. धरणाच्या पायथ्याच्या वीजघरातून पूर्वेकडं जे सोडलं जातं, त्यावरच उन्हाळ्यात टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजना चालतात. टेंभू कराडजवळ कृष्णेतून उचलून कडेगाव-खानापूर-आटपाडीकडं नेते, म्हैसाळचं पाणी जतच्या काही भागात पोचलंय. म्हणजे रस्त्याला समांतर पाणी येतंय, पण टप्प्याटप्प्यानं पंपावर चढून, आणि वीजबिल कुणी भरायचं यावर अडून. पश्चिमेला पाणी पडताना वीज देतं, पूर्वेला चढताना वीज खातं. सगळं राजकारण या एका उतारात आहे. त्यात भर म्हणून अवजल मुंबईला न्यायची चर्चाही अधूनमधून उठते. तेव्हा जतकरांनी एकटं खाडीकडं बघून ओरडू नये, चिपळूणकरांनाही उद्या ओरडावं लागेल.

---

फुफाटा

काका, हे धाग्यात हवंच होतं. मी व्यापाराच्या अंगानं सुरुवात केली, पण बैलगाड्यांचा हिशेब 19व्या शतकात संपला आणि त्यानंतर या रस्त्याची दोन टोकं पाण्यानं बांधलेली आहेत, असंच दिसतंय. आणि गंमत अशी की भांडणारी दोन माणसं एकाच रस्त्यावर राहतात हे दोघांनाही इथं येऊन कळलं.

कराड-चिपळूण रेल्वेबद्दल कुणी विचारायच्या आत सांगतो: घोषणा झाल्या, सर्वेक्षणं झाली, अर्थसंकल्पातही आली. गाडी आली नाही.

---

बुलेटराजा_पुणे

मस्त धागा. जुलैत कुंभार्ली करायचा विचार आहे, रात्री निघून पहाटे घाटात. कसं वाटतं?

---

पाटणकर नव्हे पाटणचा

रात्री नको राव. हेळवाकच्या पुढं धुकं असं उतरतं की स्वतःच्या गाडीचा दिवा आपल्याच डोळ्यावर येतो. उजाडल्यावर निघा.

---

निवृत्त साबांखा

आणि चढत्या चिऱ्याच्या ट्रकच्या मागं सापडलात तर वळणावर ओलांडायला जाऊ नका. त्याला वळताना पूर्ण रस्ता लागतो, आणि मागं सरकला तर त्याला तुम्ही दिसत नाही. वाहणाऱ्या पाण्याखाली बाईक थांबवून फोटो काढू नका. धबधबा जिथून येतो तिथूनच दगडही येतात.

---

कोरडवाहू जत

पुणेकर, घाटापाशी थांबू नका, सगळेच थांबत्यात. डिसेंबरात या, आमच्याकडं यल्लम्माची जत्रा असती, जनावरांचा बाजार बगा. नागजच्या पुढं रस्ता सरळ, गाडी पळती. धागाकर्ते, तुमीबी या, टोक ते टोक करायचं म्हणताय नव्हं?

---

फुफाटा

येतो. गुहागरहून पहाटे निघालो तर जेवायला विट्यात आणि दिवेलागणीला जतमध्ये. खाडीकाठ, तुम्ही गोवळकोटला चढणार की तिथंही हरकत आहे?

---

खाडीकाठ

गोवळकोटला नाही, दाभोळहून होडीनं आलो तरच. तुम्ही बहादूरशेख नाक्यावर थांबा.